आठ महिन्यांत दुसरी बॅटरी? बदलण्याआधी काय काय मोजून बघावं?

सिंहगडरोड
१४ जुलै, सकाळी ८:१०

मंडळी, मार्गदर्शन हवंय. गाडी छोटी पेट्रोल, पाच वर्षांची, ४१ हजार किमी झालेली. गेल्या दिवाळीत आम्ही रेल्वेने गावी गेलो होतो, गाडी आठवडाभर इथेच पार्किंगमध्ये उभी. परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं टिक-टिक-टिक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावून चालू केली, अर्धा तास फिरवली आणि थेट बॅटरीच्या दुकानात नेली. त्यांनी हातातलं यंत्र लावलं, चिठ्ठी निघाली, चिठ्ठीवर 'बदला'. ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारा चार्ज) नवी घेतली, जुनी त्यांनाच दिली.

आता ही नवीसुद्धा गेल्या महिन्याभरात तीनदा बसली. जूनपासून माझं काम बहुतेक घरूनच चालतं, त्यामुळे गाडी तीन-चार दिवस जागची हलत नाही. दुकानदार बॅटरी ठेवून घेतो, रात्रभर चार्ज करतो आणि 'बॅटरी चांगली आहे' म्हणून परत देतो. म्हणजे वॉरंटीतही बसत नाही आणि पार्किंगमध्ये चालूही होत नाही.

२६ तारखेला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पहाटे निघायचंय. रिक्षा-टॅक्सी मिळेल, पण आईला आपल्याच गाडीतून न्यायचंय. घरात लेकीच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला साधा मल्टिमीटर आहे. त्याने काय काय तपासता येईल?

दहानंबरपाना
१४ जुलै, सकाळी ९:३५

चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, आता दुकान मुलगा बघतो. अजून बॅटरी घेऊ नका. आधी मोजा.

'बॅटरी बसते' या तक्रारीमागे तीन वेगळी दुखणी असू शकतात. बॅटरीच चार्ज धरत नसेल. किंवा डायनॅमो (आता सगळे अल्टरनेटर म्हणतात) तिला भरत नसेल. किंवा गाडी बंद असताना कोणीतरी गुपचूप करंट खात असेल. दुकानातलं यंत्र फक्त पहिल्या दुखण्याबद्दल बोलतं. उरलेल्या दोन्हींत बॅटरी निर्दोष असते आणि तरी बदलली तीच जाते. माझ्या डोळ्यांदेखत अशा शेकडो चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्यात, म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय.

पहिलं माप उभ्या गाडीचं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पॉझिटिव्हवर, काळं निगेटिव्हवर, आणि टोकं क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खुंटावर टेकवा. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. बॉनेट आदल्या रात्रीच सैल करून ठेवा, कारण सकाळी रिमोट दाबला की आतली यंत्रं जागी होतात आणि आकडा हलतो. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ पाऊण, १२.२ निम्मी, १२.० पाव, ११.८ ला ती रिकामी समजा. आत सहा सेल असतात, भरलेला एक सेल २.१ व्होल्टच्या आसपास, त्यामुळे १२.६ हा आकडा.

आत्ताच फिरून आलेल्या गाडीचं मोजू नका. प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो, तो १२.९ सुद्धा दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. थांबणं शक्यच नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावा, बंद करा, पाच मिनिटांनी मोजा.

दुसरं, सेल्फ मारताना. चावी दुसऱ्याच्या हातात द्या, तुम्ही मीटरकडे बघा. भरलेल्या बॅटरीचा आकडा १० च्या वर राहायला हवा. ९.६ च्या खाली गेला तर शंका घ्या. पण 'भरलेल्या' हा शब्द विसरू नका. अर्धी रिकामी बॅटरी खाली जाणारच.

तिसरं, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मग हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावा, तरी १३.५ च्या खाली येऊ नये. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका, पाच-दहा मिनिटं बघत राहा.

आणि ती दिवाळीची चिठ्ठी जपून ठेवली असेल तर इथे टंका.

सुलभा_ठाणे
१४ जुलै, सकाळी १०:२०

माप घेण्याआधी हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. माझ्या भावाने पॉझिटिव्हचा नट सोडवताना पान्हा बॉडीला टेकवला. त्या एका क्षणात पान्हा, हातातलं स्टीलचं कडं आणि बॉडी यांचा शॉर्ट झाला. मनगटावर कड्याच्या आकाराचा डाग कायमचा राहिलाय. काढताना नेहमी निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह सुटलेली असली की पॉझिटिव्हवरचा पान्हा बॉडीला लागला तरी काही होत नाही.

जंपरचंही तसंच. लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो.

दहानंबरपाना
१४ जुलै, सकाळी १०:४१

ताईंना अनुमोदन. यात भर म्हणून एक. जुने लोक वायरचा तुकडा दोन्ही खुंटांवर घासून ठिणगी बघायचे आणि 'दम आहे' म्हणायचे. मीही शिकाऊ असताना तेच करायचो. आमच्या उस्तादांसमोर एका बॅटरीचं झाकण उडालं, अ‍ॅसिड त्यांच्या डोळ्यांपासून दोन बोटांवर पडलं. तेव्हापासून दुकानात ठिणगी बंद.

सिंहगडरोड
१५ जुलै, सकाळी ७:५५

काका, सुलभाताई, मनापासून आभार. गाडी रविवारी फिरवली होती, त्यानंतर आज सकाळी मोजलं.

उभी असताना: १२.०८. सेल्फ मारताना: ९.३, पण कशीबशी चालू झाली. चालू असताना: १४.२. सगळं लावून: १३.९.

दिवाळीची चिठ्ठी गाडीच्या खणातच सापडली. त्यावर असं आहे: रेटेड सीसीए ४८०, मोजलेले २६५, आरोग्य ५५ टक्के, बदला.

दहानंबरपाना
१५ जुलै, सकाळी ९:१०

अल्टरनेटर उत्तम आहे. ते दुखणं बाद.

आता चिठ्ठी. तुमची मूळ बॅटरीही ३५ एएचचीच होती ना? या आकाराच्या बॅटरीच्या लेबलवर सीसीए (कडक थंडीत बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा) साधारण ३०० च्या आसपास असतं. ४८० हे मोठ्या डिझेल गाडीच्या बॅटरीचं माप. हे यंत्र बॅटरीत बारीक सिग्नल सोडून आतला विरोध ओळखतं, त्यावरून 'आत्ता एवढा जोर आहे' असा आकडा काढतं आणि आपण भरलेल्या रेटेड आकड्याशी ताडून बघतं. रेटेड चुकीचं भरलं की निकाल चुकतो. २६५ ला ३०० ने भागून बघा, ८८ टक्के येतात. चार वर्षांच्या बॅटरीला ही तब्येत छान आहे. शिवाय ती आदल्या दिवसापर्यंत पूर्ण उतरलेली होती, अर्ध्या तासाच्या फेरीत भरत नाही. आधी चार्ज करायला हवी होती, मग यंत्र.

कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असते, यंत्रात आधीच्या गाडीचा आकडा राहून जातो. म्हणून यंत्र लावताना शेजारी उभं राहावं आणि 'लेबलवरचा आकडा आणि स्टँडर्ड, जेआयएस की ईएन की एसएई, ते भरलंत का' असं विचारावं. तेवढा हक्क आपला आहे.

आता आजची बॅटरी. ती वाईट आहे की तिला कोणी पितंय, याचा निवाडा एका सोप्या युक्तीने होतो. चार्जर मिळवा, तीन-चार अँपिअरचा पुरे, रात्रभर लावा. मग निगेटिव्ह केबल सोडून ठेवा. दिवसभर विसावू द्या आणि मोजा. अजून एक दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजा. आकडा जागेवर राहिला तर बॅटरी निर्दोष. मग केबल जोडा, दोन दिवस उभी ठेवा, परत मोजा.

वऱ्हाडी_माणूस
१५ जुलै, दुपारी २:३०

भाऊ, आमच्या इकडच्या बॅटरीचं दुखणं वेगळं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, गाडी उन्हात, बॉनेटखाली तर भट्टीच. थंडीत बॅटरी मरते असं लोकं म्हणतात, पण तिला आतून खाते ती गरमी. थंडीत फक्त ते उघडकीस येतं. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे, आणि आमच्या गावात तीन वर्षं पुरली तर लोकं समाधान मानतात.

ज्यांच्या बॅटरीला वर सहा बुचं आहेत त्यांनी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाणी बघाच. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग कामातून गेला. आणि मीटरपेक्षा मला हायड्रोमीटरवर (सेलमधल्या अ‍ॅसिडची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजायची नळी) जास्त भरवसा आहे. माझ्या मागच्या बॅटरीचा व्होल्टेज १२.३ दाखवत होता, वाटलं चार्ज कमी आहे. ग्रॅव्हिटी घेतली तर पाच सेल १.२४० ते १.२५० आणि टोकाचा एक १.१५०. बारा तास चार्ज केली, पाच वर सरकले, तो तिथेच. सेल गेला. सेलासेलांत ०.०५० च्या वर फरक राहिला तर मग बॅटरी बदलणंच बरं, तिथे पैसे वाचवायला जाऊ नये.

एक प्रश्न. एसीचं पाणी टाकलं तर चालते का? आमच्याकडे पुष्कळजण टाकतात.

दहानंबरपाना
१५ जुलै, सायंकाळी ६:०५

नका टाकू. वाफेचं पाणी म्हणून शुद्ध वाटतं, पण ते कॉइलच्या धातूवरून, धुळीवरून, शेवाळ धरलेल्या नळीतून येतं. आरओचंही नको, त्यात क्षार उरतात. डिस्टिल्ड वॉटरची बाटली इतकी स्वस्त आहे की हा प्रश्नच येऊ नये. आणि अ‍ॅसिड कधीही वरून ओतायचं नाही. उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

तुमचं हायड्रोमीटरचं म्हणणं शंभर टक्के खरं. ग्रॅव्हिटी प्रत्येक सेलचं वेगळं सांगते, मीटर सहांची बेरीज सांगतो. फक्त उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटरीत अ‍ॅसिड मुद्दाम थोडं पातळ भरतात, त्यामुळे १.२४० बघून कोणी 'कमी आहे' म्हणून घाबरू नये, लेबल वाचावं. सीलबंद बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्याबद्दलही सांगतो. तो एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. हिरवा दिसला म्हणजे तो एक सेल बरा, बाकी पाचांची हमी तो देत नाही.

तारकर्लीचा_वारा
१५ जुलै, रात्री ९:४०

आमच्याकडे खाऱ्या हवेचा त्रास. माझी कहाणी थोडक्यात. बॅटरी १२.६५, नवीन, तरी सेल्फ मेल्यासारखा. मेकॅनिकने स्टार्टर उतरवायची तयारी केली होती. मामांनी सांगितलं म्हणून मीटरचं एक टोक निगेटिव्हच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर धरलं आणि सेल्फ मारला. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, मग मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. दाखवले १.८ व्होल्ट. म्हणजे तेवढा दाब त्या हिरव्या-पांढऱ्या साक्यातच मरत होता. क्लॅम्प काढला, गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतला, तारेच्या ब्रशने खुंट चकचकीत केला, घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली. गाडी एका दमात चालू. खर्च शून्य.

इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी पण बघा, कोकणात ती आतून कुजते आणि वरून चांगली दिसते.

टोरंटोकर
१६ जुलै, पहाटे ४:५०

सीसीएचा अर्थ इथल्या हिवाळ्यात नीट कळला म्हणून लिहितो. उणे १८ अंशांत, तीस सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, तो हा आकडा. पुण्यात एवढ्या जोराची गरज कधीच पडत नाही, त्यामुळे तिथे थकलेली बॅटरीही बरेच दिवस गाडी चालू करत राहते आणि मग एका सकाळी अचानक मान टाकते. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिच्यासाठीच बनवलेली ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरीच घ्या. साधी बसवली तर ती लवकर जाते. एजीएमचा भरलेला व्होल्टेज थोडा वर, १२.८ च्या आसपास असतो, तिला वरचं कोष्टक जसंच्या तसं लावू नका.

सिंहगडरोड
१९ जुलै, रात्री ८:१५

वाचून घरातले सगळे कामाला लागले. शेजारच्या आजोबांकडे जुना ४ अँपिअरचा चार्जर निघाला.

१६ च्या संध्याकाळी, निगेटिव्ह सोडलेली: १२.६८. १७ च्या संध्याकाळी, तशीच: १२.६६. मग केबल जोडून सेल्फ मारून बघितला, आकडा १०.६ च्या खाली गेला नाही. थोडी फिरवून आणून लॉक केली. आज संध्याकाळी, ४८ तासांनी: १२.२६.

म्हणजे काका, बॅटरी निर्दोष. गाडीच पितेय.

दहानंबरपाना
१९ जुलै, रात्री ९:००

शाबास! आता चोर पकडायचा.

मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह केबल काढून मीटर मधोमध जोडा, एक टोक खुंटावर, दुसरं केबलवर. मीटर असा लावलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, फ्यूज उडेल. आणि हेच १० अँपिअरवरचं टोक चुकून पॉझिटिव्हवर टेकवू नका, तो सरळ शॉर्ट आहे.

दारं उघडी ठेवावी लागतील, म्हणून दाराच्या कुलपातली जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखी करा, नाहीतर आतला दिवा आणि अर्धी गाडी जागीच राहील. चावी लांब घरात. मग अर्धा तास थांबा. सुरुवातीला अँपिअर-दोन अँपिअर दिसतील, हळूहळू सगळी युनिटं झोपतात. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या खाली आलं पाहिजे.

त्याहून जास्त दिसलं तर फ्यूज उपसत सुटू नका, उपसून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं. दुसरा एखादा मीटर मिळाला तर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक छिद्रांवर टेकवत जा. ज्यातून करंट वाहतोय तिथेच आकडा दिसेल. बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर आधी संशय घ्या. म्युझिक सिस्टीम, ट्रॅकर, अलार्म, कॅमेरा. काय काय बसवलंय?

सिंहगडरोड
२१ जुलै, सकाळी १०:३०

सापडलं!

अर्ध्या तासाने मीटर ०.३१ अँपिअरवर स्थिर. डॅशबोर्डखालच्या बॉक्समध्ये एकाच फ्यूजवर मिलिव्होल्ट दिसले, बाकी सगळे शून्य. त्याला पिगीबॅक करून (त्याच फ्यूजवर जोड देऊन) एक काळी वायर वर छताकडे गेलेली. डॅशकॅम! गेल्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधी बसवला होता, गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करतो म्हणून मुद्दाम चोवीस तास चालू असणाऱ्या फ्यूजवर घेतलेला. रोज ऑफिसला जात होतो तोवर गाडी रोज भरून काढत होती. म्हणूनच दिवाळीच्या आठवड्यात बसली आणि नंतर थेट जूनमध्ये.

लेकीने हिशोब मांडला. ०.३१ गुणिले २४, दिवसाला साडेसात एएच. ३५ ची बॅटरी, चार-पाच दिवसांत तळाला. त्या जुन्या बॅटरीचं फार वाईट वाटतंय. तिची काहीच चूक नव्हती.

दहानंबरपाना
२१ जुलै, सकाळी ११:१५

कॅमेरा काढून टाकायची गरज नाही. त्या वायरच्या मध्ये एक छोटी डबी असेल, तिच्यात कट-ऑफ असतो, अमुक व्होल्टेजला कॅमेरा बंद करायचा. बसवणारे बहुतेक वेळा तो सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवतात, म्हणजे कॅमेरा जास्त वेळ चालतो. तो १२.४ वर करा. तसा पर्याय नसेल तर वायर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर घ्या. अशी बॅटरी वारंवार तळाला गेली आणि तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे कडक होतात, ते नंतर चार्जरनेही पूर्ण सुटत नाहीत. तुमची तीनदा गेलीय, थोडं नुकसान झालंच असणार, पण १०.६ बघता ती अजून सेवा देईल.

नाशिकची_सई
२२ जुलै, दुपारी १२:०५

आमची इलेक्ट्रिक गाडी आहे, तिला हे सगळं लागू होतं का? मोठी बॅटरी ७० टक्के असताना गाडी एकदा उघडलीच नाही.

दहानंबरपाना
२२ जुलै, दुपारी १:२०

लागू होतं. ईव्हीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. कुलूप, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर तीच चालवते. ती बसली की मोठी भरलेली असून उपयोग नाही. गाडी उभी असतानाचं पहिलं माप तुम्हीही घेऊ शकता. पण नारिंगी वेष्टनाच्या केबलींना हात लावायचा नाही, तो भाग कंपनीच्या माणसाचा.

सिंहगडरोड
२६ जुलै, दुपारी ३:४०

कट-ऑफ १२.४ वर केला, कॅमेरा बंद झाल्यावरची गळती ०.०२ अँपिअर. गाडी बुधवारपासून उभी होती. आज पहाटे ५:२० ला मोजलं: १२.४३. भर पावसात पहिल्याच सेल्फला चालू. ऑपरेशन नीट झालं, आई घरी आहे, डोळ्यावर पट्टी आहे आणि सगळ्यांना आशीर्वाद सांगतेय.

वऱ्हाडी_माणूस
२६ जुलै, सायंकाळी ५:१०

आईंना नमस्कार सांगा. काका, मी पण कॅमेरा बसवणार आहे आणि गाडी कधी कधी महिनाभर उभी असते. आठवड्याला दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवली तर पुरते का?

दहानंबरपाना
२६ जुलै, सायंकाळी ६:३०

पुरत नाही. आयडलवर भरणं मंद असतं, आणि बंद पार्किंगमध्ये धुराचा धोका वेगळाच. आठवड्यातून एकदा तास-पाऊण तास रस्त्यावर काढा. ते जमत नसेल तर महिनाभर जाताना दहा नंबरचा पान्हा घ्या आणि निगेटिव्ह सोडून ठेवा. स्टिरिओचा कोड असेल तर आधी लिहून घ्या, आणि रिमोटच्या चावीतली लोखंडी चावी खिशात ठेवा, बॅटरी सुटल्यावर दार तिनेच उघडेल.